डॉ. गुणपाल मललसेकर : बौद्ध जगताचे संघटक, लंकेचे राजदूत



आपल्या विहारावर जो पंचशील ध्वज फडकतो, तो आपण रोज पाहतो. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी आणि शेवटी या सगळ्यांचा मिळून एक पट्टा. बुद्ध जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, लग्नाच्या मांडवात, नव्या घराच्या दारावर आपण तो लावतो. पण लहान मुलं विचारतात, हा झेंडा आला कुठून? तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांना नीट सांगता येत नाही.

हा झेंडा सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा. २८ एप्रिल १८८५ रोजी, वैशाख पौर्णिमेला, कोलंबो शहरात तो पहिल्यांदा उभारला गेला. पुढच्याच वर्षी कर्नल ऑल्कॉट यांच्या सूचनेवरून त्याचा आकार नेहमीच्या झेंड्यासारखा करण्यात आला. मग लंकेतला झेंडा जपानात, ब्रह्मदेशात, नेपाळात आणि आपल्या भातकुलीच्या खारपाण पट्ट्यातल्या विहारांवर कसा पोचला? १९५० साली जगातले बौद्ध प्रतिनिधी पहिल्यांदा एका छताखाली जमले. तेव्हा स्वागताचं भाषण करणाऱ्या एका प्राध्यापकाने सुचवलं, की हाच ध्वज जगातल्या सर्व बौद्धांचा ध्वज असावा. ही सूचना पुढे मान्य झाली. त्या प्राध्यापकांचं नाव डॉ. गुणपाल पियसेन मललसेकर.

आमच्या स्मरणिकेत आपण परमपूज्य बाबासाहेबांविषयी लिहितो, भदन्त चंद्रमणी महास्थविरांविषयी लिहितो, भदन्त आनंद कौसल्यायनांविषयी लिहितो. ते योग्यच आहे. पण बाबासाहेब ज्या जागतिक व्यासपीठावर गेले, ते व्यासपीठ कोणी उभारलं, याचाही इतिहास आपल्या घरात असायला पाहिजे. शिवाय मललसेकरांच्या आयुष्यातून एक प्रश्न समोर येतो आणि तो आपल्या प्रत्येक विहार समितीचा प्रश्न आहे. माणूस मोठ्या पदावर जातो, पदावरून उतरतो, एक दिवस निघूनही जातो. त्याच्या मागे काय उरतं?

पाणदुऱ्याचा मुलगा

मललसेकरांचा जन्म ८ नोव्हेंबर १८९९ चा. गाव मलमुल्ल, कोलंबोच्या दक्षिणेला पाणदुरा या गावाजवळ. पाणदुरा हे नाव बौद्ध इतिहासात फार महत्त्वाचं आहे. १८७३ साली तिथे भिक्खू मिगेट्टुवत्ते गुणानंद यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांशी भर सभेत वादविवाद केला होता. इंग्रजी राज्यात दबून गेलेल्या बौद्धांची मान त्या वादविवादाने ताठ झाली. त्याचा वृत्तांत वाचूनच कर्नल ऑल्कॉट १८८० साली लंकेत आले आणि त्यांच्याच हाताखाली पुढे अनागारिक धम्मपाल तयार झाले.

या मुलाचं पाळण्यातलं नाव मात्र होतं जॉर्ज पिरिस. बौद्ध घरात इंग्रजी नाव! त्या काळी लंकेत तशी रीतच पडली होती. अनागारिक धम्मपालांच्या विचाराने प्रभावित होऊन त्यांनी ते नाव टाकलं आणि गुणपाल पियसेन हे नाव घेतलं. ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे आजोबांची नावं कचरू, दगडू, धोंडू अशी असत आणि ५६ नंतर जन्मलेल्या मुलांची नावं सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता अशी ठेवली गेली. नाव बदललं म्हणजे पोट भरत नाही, हे खरं. पण नाव बदललं की माणूस स्वतःकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो, हेही तितकंच खरं आहे.

मललसेकरांना डॉक्टर व्हायचं होतं. वडील वारले आणि वैद्यकीय शिक्षण अर्धवट राहिलं. मग त्यांनी घरीच अभ्यास करून १९१९ साली लंडन विद्यापीठाची बी. ए. पदवी बाहेरून परीक्षा देऊन मिळवली. बौद्ध शाळेत मास्तरकी केली. १९२३ साली ते लंडनला गेले. त्याच १९२३ च्या एप्रिलमध्ये आपले बाबासाहेब लंडनचं शिक्षण संपवून मुंबईला परतले होते. एक शिकून निघाला आणि दुसरा शिकायला पोचला. सत्तावीस वर्षांनी हे दोघे कँडी शहरात एकाच परिषदेत असणार होते.

लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतून १९२५ साली मललसेकर डॉक्टरेट घेऊन परतले. लंकेत पाली भाषेत जे वाङ्मय लिहिलं गेलं, त्याचा इतिहास हा त्यांचा विषय. तो ग्रंथ १९२८ साली छापून निघाला. पुढे ते कोलंबोच्या महाविद्यालयात आणि नंतर सिलोन विद्यापीठात पाली व बौद्ध विद्येचे प्राध्यापक झाले.

शब्दकोशाचं काम

त्यांचं सर्वांत टिकाऊ काम कोणतं, असं कोणी विचारलं तर आम्ही सांगू, पाली विशेषनामांचा कोश. इंग्रजीत असलेला हा कोश १९३७ आणि १९३८ साली दोन खंडांत लंडनहून प्रसिद्ध झाला. तो तत्कालीन हिंदुस्थान सरकारसाठी छापला गेला होता, हे मुद्दाम नमूद करावंसं वाटतं. दोन्ही खंड मिळून दोन हजारांहून जास्त पानं.

या कोशात आहे काय? त्रिपिटकात आणि अट्ठकथांत जी जी माणसं, गावं, नद्या, विहार, उपवनं, जातककथा आणि सुत्तं येतात, त्या प्रत्येकाची नोंद. आपण वंदनेत आणि प्रवचनात नावं ऐकतो. सुनीत, सोपाक, उपाली, आम्रपाली, पटाचारा, विशाखा, अनाथपिंडिक. सुनीत हा रस्ते झाडणारा होता, उपाली न्हावी होता, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण ही माहिती मूळ ग्रंथात नेमकी कुठे आहे, हे कोणी विचारलं तर काय दाखवणार? मललसेकरांच्या कोशात ते सापडतं. भगवान बुद्धांच्या धम्मसंघात कोण कोण आलं, राजा कोण, भंगी कोण, गणिका कोण, याचा जणू हजेरीपटच त्यांनी तयार केला. आज इतकी वर्षं झाली, तरी पालीचा अभ्यास करणारा विद्यार्थी या कोशाकडे गेल्याशिवाय राहत नाही.

एवढं काम करणारा माणूस खोलीत बसून राहिला असता तरी कोणी दोष दिला नसता. पण मललसेकर संघटनेत उतरले. १९३९ ते १९५७ अशी सुमारे अठरा वर्षं ते अखिल सिलोन बौद्ध काँग्रेसचे अध्यक्ष होते. शाळा, सभा, पत्रव्यवहार, ठराव, वर्गणी, हिशेब, ही सगळी कामं त्यांच्या मागे लागली. ज्यांनी विहाराचं पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरून पाहिलं आहे, त्यांना या कामाची कल्पना आहे.

मे १९५०

आता आपण १९५० च्या मे महिन्याकडे येऊ. हा महिना बौद्ध इतिहासात फार मोलाचा आहे.

त्या वर्षीच्या वैशाखात महाबोधी सोसायटीच्या मासिकात बाबासाहेबांचा एक लेख आला. बुद्ध आणि त्यांच्या धम्माचं भवितव्य हा त्याचा विषय. धम्माचा प्रसार व्हायचा असेल तर तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत, असं त्यात बाबासाहेबांनी मांडलं. पहिली, सर्वांना वाचता येईल असा बौद्धांचा एक ग्रंथ हवा. दुसरी, भिक्खू संघाची रचना, ध्येय आणि उद्दिष्ट यांत बदल व्हायला हवा. तिसरी, जगभर काम करणारी एक बौद्ध प्रचार संघटना हवी.

आणि नेमक्या त्याच महिन्यात, २५ मे १९५० रोजी, कँडीच्या दंतधातू विहारात मललसेकरांच्या पुढाकाराने जागतिक बौद्ध परिषद भरली. सत्तावीस देशांतून लोक आले. थेरवादी आले, महायानी आले, तिबेटी परंपरेचे आले. शेकडो वर्षांत हे लोक असे एकत्र बसले नव्हते. या परिषदेतूनच जागतिक बौद्ध बंधुत्व संघ, म्हणजे वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट्स, ही संस्था जन्माला आली. पहिले अध्यक्ष अर्थातच मललसेकर. लंकेच्या, ब्रह्मदेशाच्या आणि सयामच्या परंपरेला 'हीनयान' म्हणायचं नाही, 'थेरवाद' म्हणायचं, असंही तिथे ठरलं. कोणाच्याही परंपरेला हीन म्हणू नये, हा निर्णय साधा वाटतो. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हीन म्हटलं गेलं, त्या आपल्यासारख्यांना त्याचं मोल कळतं.

बाबासाहेब तेव्हा भारताचे कायदेमंत्री होते. ते माईसाहेबांसह लंकेत गेले होते. पण त्यांनी प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर निरीक्षक म्हणून राहणं पसंत केलं. बौद्ध संस्कार प्रत्यक्ष कसे होतात, धम्म तिथल्या लोकांत किती जिवंत आहे आणि तो मूळ रूपात किती उरला आहे, हे त्यांना स्वतः पाहायचं होतं. बाबासाहेबांचा स्वभावच तो. ऐकलेल्यावर विश्वास नाही, तपासून घ्यायचं. कोलंबोत त्यांनी तरुण बौद्धांच्या संघटनेपुढे भारतातील बौद्ध धम्माच्या उदयास्तावर भाषण केलं. लंकेतल्या अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या लोकांना त्यांनी धम्म स्वीकारण्याचं आवाहनही केलं.

तेव्हा आपल्या वऱ्हाडातली परिस्थिती काय होती? १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. तेव्हा प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळण्याचा. तेवीस वर्षांनी तोच नेता कँडीला जाऊन पाहत होता, की आपल्या लोकांना देवळाच्या दाराशी उभं राहायची गरजच उरू नये असं घर कुठे आहे.

रंगून आणि काठमांडू

संघाची दुसरी परिषद १९५२ साली जपानात भरली. तिसरी डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनला झाली. तिला बाबासाहेब गेले. रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात प्रतिष्ठापना केली, हे आपल्याला ठाऊकच आहे. ४ मे १९५५ ला भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. आपल्या भागातली माणसं बडनेऱ्याहून रेल्वेने गेली, बैलबंडीने गेली, पायी गेली. भाकरी फडक्यात बांधून गेली आणि बौद्ध होऊन परत आली.

त्यानंतर अवघ्या एका महिन्याने, नोव्हेंबर १९५६ मध्ये, काठमांडूला चौथी जागतिक परिषद भरली. अध्यक्षपदी मललसेकर होते. बाबासाहेबांची प्रकृती ढासळलेली होती, तरी ते गेले. २० नोव्हेंबरला ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. दुःख दूर करण्याचा मार्ग मार्क्सच्या आधी बुद्धांनी सांगितला आहे आणि तो बळजबरीचा नाही, मन पालटण्याचा आहे, असा त्या भाषणाचा सारांश. सोळा दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं.

ही तारीख लक्षात घ्या. लाखो नवदीक्षित बौद्ध, दोन महिनेसुद्धा न झालेले, एकदम पोरके झाले. आणि ज्या माणसाच्या हाती जागतिक बौद्ध संघटना होती, त्याच्या आयुष्यालाही त्याच सुमारास वेगळं वळण लागलं.

प्राध्यापकाचे राजदूत झाले

१९५६ साली लंकेत भंडारनायके यांचं सरकार आलं. त्या सरकारने सोव्हिएत रशियाशी संबंध जोडले आणि मॉस्कोला पहिला राजदूत म्हणून १९५७ साली मललसेकरांना पाठवलं. काठमांडूला बुद्ध की मार्क्स ही चर्चा ऐकणारा माणूस वर्षभरात थेट मार्क्सला मानणाऱ्यांच्या राजधानीत जाऊन बसला! ज्या देशात देवळं, चर्च आणि विहार यांवर कडक बंधनं होती, तिथे लंकेचा प्रतिनिधी म्हणून एक पाली पंडित राहू लागला. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि रुमानिया या देशांचा कारभारही त्यांच्याकडेच होता. १९६० साली मॉस्कोत धम्मपदाचं रशियन भाषांतर निघालं, भाषांतरकार तोपोरोव. त्या कामामागे मललसेकरांचाही पाठिंबा होता, असं सांगतात.

पुढे ते संयुक्त राष्ट्रसंघात लंकेचे प्रतिनिधी झाले. तिथली एक घटना आपल्या मराठी माणसाने विसरू नये अशी आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि पोर्तुगालने सुरक्षा परिषदेत तक्रार केली. लढाई थांबवून भारताने माघार घ्यावी, असा ठराव पाश्चात्य राष्ट्रांनी आणला. बाजूने सात मतं पडली, विरोधात चार. ती चार मतं रशिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक, लायबेरिया आणि सिलोन यांची. रशियाच्या नकाराधिकाराने ठराव पडला. सिलोनच्या वतीने तिथे भारताची बाजू घेणारे होते मललसेकर.

यात एक जुनं नातंही आहे. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली धम्म शिकायला लंकेत गेले होते. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात राहून ते पाली शिकले, श्रामणेर झाले आणि परत येऊन त्यांनी मराठीत बुद्धांचं चरित्र आणि उपदेश लिहिला. गोव्याच्या मुलाला लंकेने धम्म शिकवला आणि साठ वर्षांनी गोव्याच्या मुक्तीच्या बाजूने लंकेच्या एका बौद्ध पंडिताने हात वर केला.

१९६३ ते १९६७ या काळात मललसेकर लंडनमध्ये लंकेचे उच्चायुक्त होते. मग ते मायदेशी परतले आणि राष्ट्रीय उच्च शिक्षण परिषदेचे अध्यक्ष झाले. २३ एप्रिल १९७३ रोजी त्यांचं निधन झालं.

तीन कसोट्या

एवढं मोठं आयुष्य. आता आपण काय समजायचं? नुसता जयजयकार करून लेख संपवणं सोपं आहे. पण बाबासाहेबांनी आपल्याला तपासून घ्यायला शिकवलं. म्हणून बाबासाहेबांनी मे १९५० मध्ये ज्या तीन गोष्टी सांगितल्या, त्याच कसोट्यांवर हे काम घासून पाहू.

पहिली कसोटी ग्रंथाची. मललसेकरांचा कोश अजोड आहे, पण तो विद्वानांसाठी आहे. बुद्धांच्या २५०० व्या जयंतीच्या निमित्ताने लंका सरकारने बौद्ध ज्ञानकोशाचं काम सुरू केलं आणि मुख्य संपादक म्हणून त्यांना नेमलं. त्याचा पहिला भाग १९६१ साली निघाला, तेव्हा संपादक परदेशात होते. ते वारले तेव्हा कोश इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या काही अक्षरांतच होता. पुढच्या संपादकांनी तो वर्षानुवर्षं रेटत नेला. राजदूतपदाने लंकेला चांगला प्रतिनिधी दिला, पण ज्ञानकोशाचा मुख्य माणूस नेला, असं म्हणावं लागतं. उलट बाबासाहेब मरणाच्या दारात असतानाही एका ग्रंथाची प्रस्तावना आणि प्रकरणं हातावेगळी करत होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली छापून आला आणि आज वर्षावासात आपल्या आयाबहिणी तो विहारात वाचून घेतात. शेतमजूर बाई संध्याकाळी हातपाय धुऊन विहारात बसते आणि तिला तो समजतो. पहिल्या कसोटीवर बाबासाहेबांनी स्वतःच उत्तर दिलं.

दुसरी कसोटी भिक्खू संघाची. इथे मन खट्टू होतं. लंकेत १७५३ साली उपसंपदा पुन्हा सुरू झाली, ती सयामहून आलेल्या भिक्खूंच्या हातून. त्यातून सियाम निकाय उभा राहिला. पण लवकरच त्यात फक्त गोविगम या वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीच्या लोकांनाच उपसंपदा मिळू लागली. बाकीच्या जातींच्या लोकांना ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घ्यावी लागली आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमरपूर निकाय निघाला. ज्या बुद्धांनी उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली, त्यांच्याच संघात जात! मललसेकर एवढे मोठे अध्यक्ष, पण ही भिंत त्यांच्या हयातीत पडली नाही. बाबासाहेब लंकेला जाऊन 'पाहायला' का गेले होते, आणि त्यांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा वेगळ्या का दिल्या, हे यावरून समजतं.

तिसरी कसोटी जागतिक संघटनेची. इथे मात्र मललसेकर शंभर टक्के उतरले. आणि त्यांची खरी मोठेपणाची गोष्ट कोणती, तर ही संस्था त्यांच्यावर अवलंबून राहिली नाही. १९५८ पर्यंत ते अध्यक्ष होते. मग अध्यक्षपद ब्रह्मदेशाचे न्यायमूर्ती ऊ चान टुन यांच्याकडे गेलं. १९६२ साली तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि १९६३ साली संघाचं मुख्यालय थायलंडला गेलं. अध्यक्ष झाल्या राजकन्या पून पिस्मई दिस्कुल, एक स्त्री, आणि त्यांनी वीस वर्षांहून जास्त काळ ते पद सांभाळलं. १९८४ पासून सन्या धर्मशक्ती, जे आधी थायलंडचे पंतप्रधान होते. १९९९ साली फान वन्नमेथी. हे फान वन्नमेथी कोण? थायलंडचे मुरलेले राजनैतिक अधिकारी, राजदूत, १९८४ ते १९८६ आसियान या राष्ट्रसमूहाचे महासचिव. सरकारी नोकरी संपल्यावर त्यांनी थाई रेडक्रॉसचं काम पाहिलं आणि मग बौद्ध संघाचं. मललसेकर संस्थेतून राजदूतपदाकडे गेले आणि फान वन्नमेथी राजदूतपदावरून संस्थेकडे आले. खुर्चीवर पाच माणसं बदलली, देश तीन बदलले, पण संस्था चालू राहिली. कारण तिला घटना होती, ठराव लिहिलेले होते आणि राजकारणात पडायचं नाही असा नियम होता.

चीवर आणि सत्ता

हा राजकारणाचा नियम किती महत्त्वाचा आहे, हे खुद्द लंकेनेच दाखवून दिलं. इंग्रजी राजवटीत बौद्धांवर अन्याय झाला, शाळा गेल्या, मान गेला, हे खरंच होतं. मललसेकरांच्या बौद्ध काँग्रेसने चौकशी समिती नेमून १९५६ साली त्याचा अहवाल दिला. पण त्याच वर्षी सिंहली हीच एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला. तमीळ लोक दुरावले, १९५८ साली दंगली झाल्या. आणि २५ सप्टेंबर १९५९ रोजी पंतप्रधान भंडारनायके यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा चीवरधारी भिक्खू होता. पुढे १९८३ ते २००९ असं यादवी युद्ध झालं. मललसेकर तेव्हा परदेशात होते आणि यादवी युद्ध तर त्यांच्या मृत्यूनंतरचं. त्यांच्यावर हा दोष टाकणं अन्यायाचं होईल. पण धम्माची संघटना आणि बहुसंख्यांचा अभिमान एकमेकांत मिसळले की काय होतं, याचा धडा आपण घेतलाच पाहिजे. आपण अन्याय सोसलेले लोक आहोत. उद्या आपल्या हातात काही आलं, तर दुसऱ्या कोणाला आपण दाराबाहेर ठेवणार नाही ना, हे आजच स्वतःला विचारायला हवं.

आपल्यासाठी

भातकुलीच्या एका विहाराचा मॉस्को आणि न्यूयॉर्कशी काय संबंध, असं कोणी म्हणेल. आम्हाला वाटतं, संबंध आहे. आपल्याही मुली-मुलं आता शिकतात, मोठ्या हुद्द्यावर जातात, पुण्या-मुंबईला, परदेशी जातात. त्याचा आनंद आहे. फक्त जाताना हातातलं काम कोणाच्या तरी हाती देऊन जावं. विहाराची इतिवृत्ताची वही लिहिलेली असावी. हिशेब उघडा असावा. अध्यक्ष बदलला म्हणून रविवारची वंदना बंद पडू नये. महिला मंडळाला फक्त स्वयंपाकापुरतं नव्हे, समितीत बसायला जागा असावी. राजकन्या पून वीस वर्षं जगाची संस्था चालवू शकतात, तर आपल्या गल्लीतली सुशिक्षित मुलगी विहाराची सचिव का होऊ नये?

आणि जो नोकरी संपवून गावाकडे परत येतो, त्याने आपला हुद्दा दाराशी ठेवून आत यावं. फान वन्नमेथी यांच्यासारख्या माणसांनी सरकारी पदानंतर संस्थेची कामं केली. आपल्याही निवृत्त शिक्षकांनी, तलाठ्यांनी, बँकेतल्या लोकांनी आठवड्यातून दोन तास मुलांना पाली वंदनेचा अर्थ सांगितला, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून दिले, आजीआजोबांकडून १९५६ च्या आठवणी ऐकून वहीत उतरवल्या, तर ते काम मललसेकरांच्या कोशाच्याच जातीचं आहे. त्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या साध्या माणसांची नावं हरवू दिली नाहीत. नागपूरला फडक्यात भाकरी बांधून गेलेल्या आपल्या माणसांची नावं मात्र अजून कुठेच लिहिलेली नाहीत. ती माणसं आता थोडी उरली आहेत. पुढच्या वर्धापनदिनाच्या आत प्रत्येक घराने निदान एक नाव, एक गाव आणि एक आठवण लिहून विहारात आणून द्यावी, अशी सर्व उपासक-उपासिकांना आमची कळकळीची विनंती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!